यादवी त्यांची, हिशेब आमचा!

आपल्या भाषेतील ‘यादवी’ हा शब्दच एका दूरच्या घरभांडणावरून आलेला आहे. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून मेले आणि द्वारका समुद्राने गिळली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा उत्तरार्ध सहसा कोणी आठवीत नाही. उरलेल्या स्त्रिया, मुले आणि संपत्ती घेऊन अर्जुन निघाला, तेव्हा वाटेत आभीरांनी त्याला लुटले. ज्या गांडीवाने कुरुक्षेत्र जिंकले, ते गांडीव त्याला धड पेलवेना. हस्तिनापूर त्या भांडणात कोणत्याच बाजूने उतरले नव्हते; तरीही द्वारका बुडाली आणि हस्तिनापुराचे बळ ओसरले. पांडवांनी राज्य सोडून महाप्रस्थानाची वाट धरली ती त्यानंतर. दूरच्या राज्यातील भाऊबंदकीने आपल्या दारचा तराजू कसा झुकतो, हा राजकारणाचा पाठ व्यासांनी इतक्या पूर्वी लिहून ठेवला आहे. आपण मात्र तो धर्मकथा म्हणून वाचतो आणि पोथी मिटवून ठेवतो.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, परदेशातील यादवीची बातमी आली की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ पान उलटतो. सुदानमध्ये दोन सेनापती एकमेकांच्या उरावर बसले, येमेनमध्ये एका टोळीने राजधानी घेतली, म्यानमारमध्ये सैन्य आणि बंडखोर झुंजत आहेत. त्याचे कोपरखैरण्याच्या रहिवाशाला काय? सकाळची ठाणे-वाशी गाडी मिळाली, नळाला पाणी आले आणि डाळीचा भाव फार चढला नाही, म्हणजे त्याचे जग सुरळीत आहे. आमचे म्हणणे असे की, ह्या तीन गोष्टींपैकी निदान एक, म्हणजे डाळीचा भाव, त्याच पान उलटलेल्या बातमीत दडलेला असतो. आणि ज्या महामुंबईत तो राहतो, तिच्या वैभवाचा पहिला मोठा पूर आणि पहिला मोठा बुडीत व्यवहार, ही दोन्ही एका दूरच्या यादवीचीच अपत्ये आहेत.

कापसाचा राजा आणि वऱ्हाडचा शेतकरी

१२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेतील फोर्ट सम्टर ह्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तर व दक्षिण ह्यांच्यातील युद्धास तोंड लागले. आठवडाभरात राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे आणि तो गुलामांच्या घामावर पिकत असे. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब सरळ होता. कापूस हा राजा आहे; तो रोखला की लँकेशायरच्या गिरण्या थांबतील, लाखो कामगार उपाशी पडतील आणि इंग्लंडला झक मारून आपल्या बाजूस यावे लागेल. जगातील सर्वांत बलाढ्य आरमार त्यांना कापसाच्या गाठीने विकत घ्यायचे होते.

लँकेशायरमध्ये उपासमार झाली खरी. पण दक्षिणेचा हिशेब चुकला. चुकण्याची कारणे अनेक होती. युद्धापूर्वीच्या भरघोस पिकांचा साठा इंग्लंडच्या वखारींत होता, उत्तरेचा गहू इंग्लंडला हवा होता, आणि १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन ह्यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा अमलात आणल्यावर गुलामगिरीच्या बाजूने उभे राहणे इंग्रज मंत्रिमंडळाला लोकलाजेस्तव अशक्य झाले. मँचेस्टरच्या कामगारांनी स्वतः अर्धपोटी असताना उत्तरेला पाठिंबा दिला, हे त्या कामगारांचे पुण्य इतिहासात नोंदलेले आहे. परंतु ह्या कारणांच्या रांगेत आणखी एक कारण उभे आहे. कापसाच्या राजाच्या सिंहासनाखालची एक वीट वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि धारवाड येथील काळ्या जमिनीने काढून घेतली. आखूड धाग्याचा, वारंवार तुटणारा ‘सुरती’ कापूस लँकेशायरच्या कामगाराला मुळीच आवडत नव्हता. पण तो मिळत होता आणि मुंबईच्या धक्क्यावरून जहाजे भरभरून जात होता. हिंगणघाट आणि खामगाव ही नावे लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडी आली. ज्या शेतकऱ्याने लिंकनचे नाव कधी ऐकले नव्हते, त्याने एका खंडाचे भवितव्य ठरविणाऱ्या तराजूत आपल्या कापसाचे वजन टाकले होते. आम्ही हे अभिमानाने सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याला पुढे काय मिळाले ते आम्ही सांगणारच आहोत.

तराजू कसा झुकला

चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे कामी आली. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली ह्यांनी शरणागती पत्करली. ह्या युद्धाने सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले, ही त्याची सर्वांत मोठी कमाई. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहावयाचे ते हे की, जगातील सत्तेची मांडणी त्यामुळे कशी बदलली.

अमेरिका दुभंगलेली आहे ही संधी साधून फ्रान्सचा तिसरा नेपोलियन मेक्सिकोत घुसला आणि १८६४ मध्ये त्याने ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला तेथे सम्राट म्हणून बसविले. अमेरिकेची यादवी संपताच फ्रेंच फौजा माघारी फिरल्या आणि १९ जून १८६७ रोजी मॅक्सिमिलियनला मेक्सिकोच्या प्रजासत्ताकाने गोळ्या घातल्या. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला. इंग्लंडमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ ह्या जहाजाने उत्तरेच्या व्यापाराची जी नासाडी केली होती, तिची भरपाई म्हणून १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर देण्यास लावले. समुद्राची राणी म्हणविणाऱ्या सत्तेने कालच्या वसाहतीला दंड भरला! एकसंध, उद्योगी, आत्मविश्वासाने भरलेली अमेरिका जगाच्या रंगमंचावर आली ती ह्या रक्तस्नानानंतर. आणि ते शतक संपण्यापूर्वी तिच्या कारखान्यांनी इंग्लंडला मागे टाकले.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडे पाहा. इजिप्तमध्येही ह्याच काळात कापसाचा सुकाळ झाला. खेदिव इस्माईल १८६३ मध्ये गादीवर आला तो ह्या सुकाळाच्या मुहूर्तावर. भाव कायमचे चढे राहतील अशा भरवशाने राज्याचा खर्च वाढत गेला, आणि भाव उतरल्यावर तो कर्जाने भागविला गेला. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातील इजिप्तचे भाग इंग्लंडला विकावे लागले. १८७६ मध्ये दिवाळे वाजले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज त्या देशात उतरली. इजिप्तच्या पारतंत्र्याचे हे एकमेव कारण नव्हे. पण परक्याच्या यादवीने दिलेली संपत्ती ज्याला पचवता येत नाही, त्याचे स्वातंत्र्यच तिच्या मोबदल्यात जाते, ह्याचे ह्यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मुंबईची चार वर्षांची दिवाळी

आणि मुंबई? कापसाचे भाव तिपटी-चौपटीने चढले. गाद्या-उशांतील जुना कापूस उसवून लोकांनी निर्यातीसाठी विकला, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते. नेहमीच्या किमतीपेक्षा सात ते आठ कोटी पौंड अधिक त्या चार-पाच वर्षांत ह्या शहरात आले, असा जुन्या लेखकांचा अंदाज आहे. १८६४ च्या पहिल्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार भरली.

इतका पैसा आला आणि त्याला जायला जागा नव्हती. मग जागा निर्माण करण्याचे ठरले, आणि तीही समुद्रात! बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली. तिच्या पाच हजार रुपयांच्या भागाला बाजारात त्याच्या कैकपट किंमत येऊ लागली. कुलाब्यासाठी एक कंपनी, माझगावसाठी एक, बँकांवर बँका, विम्याच्या, जहाजांच्या, रुई दाबण्याच्या कंपन्या. १८६५ च्या आरंभी ह्या एका शहरात एकतीस बँका होत्या. दलाल, वकील, डॉक्टर, कारकून, सर्वजण कागद विकत घेत होते आणि कागद विकत होते. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही ह्या लाटेचा फटका बसला. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या एका शब्दावर लाखोंची उलाढाल होई.

मग लीच्या शरणागतीची वार्ता आली. अमेरिकेत शांतता झाली आणि मुंबईत हाहाकार उडाला! एका देशात मातांचे पुत्र घरी परतू लागले म्हणून दुसऱ्या देशातील सावकारांनी कपाळावर हात मारावा, ह्याहून लाजिरवाणी अवस्था कोणती? पण ती आली खरी. १ जुलै १८६५ ही वायद्याच्या सौद्यांची देय तारीख. त्या दिवशी कोणालाच कोणाचे देणे देता येईना. भागांच्या चिठ्ठ्या रद्दीच्या मोलाच्या झाल्या. सरकारचे भांडवल असलेली बँक ऑफ बाँबेदेखील तग धरू शकली नाही. प्रेमचंद रायचंद ह्यांचे साम्राज्य कोसळले. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजारांवर आलेली दिसते. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे ह्या शहराच्या हिशेबातून उणी झाली. ती कोठे गेली ह्याची चौकशी त्या वेळी फारशी कोणी केली नाही.

बॅक बेच्या भरावाची ती कंपनी बुडाली. मागे काय उरले? राजाबाई टॉवर उरला. प्रेमचंदांनी भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून, आपल्या मातेच्या नावाने, तो १८७८ मध्ये पुरा झाला. लोकोपयोगासाठी वेळीच हातावेगळे केले तेवढेच टिकले. गिरण्याही उभ्या राहिल्या. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर ह्यांनी काढली होती, पण गिरण्यांची खरी वाढ झाली ती ह्या आपत्तीतून शहाणपण आल्यावर, १८७० च्या दशकात. ज्या टाटा कुटुंबाला ह्या पडझडीची झळ लागली होती, त्याच कुटुंबातील जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास, कापसाच्या शेतांच्या मधोमध, एम्प्रेस मिल सुरू केली. परक्याला कच्चा माल विकून श्रीमंत होण्यापेक्षा आपला माल आपण पक्का करावा, हा धडा अमेरिकेच्या यादवीने हिंदुस्थानला शिकविला. त्याची फी मात्र जबर होती.

ती फी कोणी भरली?

हा प्रश्न विचारल्याशिवाय ह्या कथेचा शेवट करणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. मुंबईचे सावकार बुडाले, पण त्यांच्यातील बरेचसे पुन्हा वर आले. खेड्यातील शेतकरी जो बुडाला तो मात्र पिढ्यान्‌पिढ्या बुडाला. नांगराला चांदीचा फाळ बसविल्याच्या कथा सुकाळाच्या त्या वर्षांतल्या. त्याच वर्षांत सावकाराने हात सैल सोडला, कर्ज सुलभ झाले आणि जमिनीचे मोल चढले. पुणे-नगरकडचा शेतकरी मुख्यतः कापसाचा उत्पादक नव्हता. परंतु धान्याचे चढे भाव, रेल्वेच्या कामांवरील मजुरी आणि सुलभ कर्ज ह्यांच्या रूपाने तोही त्या पुरात सापडला. पूर ओसरला. भाव घसरले. नेमक्या त्याच सुमारास सरकारने जमिनीची फेरआकारणी करून सारा वाढविला. सावकाराने हात आखडता घेतला आणि कोर्टाचे हुकूमनामे दारावर येऊ लागले.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते मुख्यतः खतपत्रांचे आणि वह्यांचे गाठोडे, आणि ते त्यांनी जाळले. हे दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. केवळ अमेरिकेच्या यादवीमुळे सुप्याचा दंगा झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. साऱ्याचा भार आणि कोर्टांची कार्यपद्धती ही कारणे इथलीच होती. परंतु फोर्ट सम्टरची तोफ आणि सुप्याची होळी ह्यांच्यामध्ये एक धागा आहे, तो कापसाचा आहे, आणि तो कोणी कितीही ओढला तरी तुटत नाही.

ह्याच काळात एक मराठी माणूस त्या यादवीकडे वेगळ्या नजरेने पाहत होता. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. मुंबईच्या बाजाराने त्या युद्धात कापसाचा भाव वाचला. जोतीरावांनी त्यात माणसाचा भाव वाचला. बाजाराचे वाचन चार वर्षांत खोटे ठरले. जोतीरावांचे वाचन आजही खरे आहे. दूरची यादवी कशी वाचावी ह्याचे मराठी उदाहरण हवे असेल, तर ते हे आहे.

आजचा तराजू

आता आपल्या काळाकडे येऊ. मार्च २०११ मध्ये सुरू झालेली सीरियातील यादवी तेरा वर्षे चालली. ८ डिसेंबर २०२४ रोजी दमास्कस पडले आणि असद मॉस्कोस पळाले. त्या एका रात्रीत इराणचा लेबनॉनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला, भूमध्य समुद्रावरील रशियाच्या तळांचे भवितव्य टांगणीस लागले आणि तुर्कस्थानचे वजन वाढले. बड्या राष्ट्रांनी तेरा वर्षे ओतलेले द्रव्य आणि रक्त बारा दिवसांच्या चढाईत वाहून गेले.

येमेनचे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथींनी साना घेतले आणि मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या आघाडीने हल्ले सुरू केले. त्या वेळी आपल्या सरकारने ‘राहत’ मोहिमेत ४,६०० हून अधिक भारतीयांना आणि कित्येक परदेशीयांनाही सोडवून आणले. मोहीम झाली आणि आपण येमेन विसरलो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हूथींनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडले आणि येमेनने स्वतःची आठवण करून दिली. पुढील दोन वर्षे युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. सुएझ कालव्याचे २०२३ मधील दहा अब्ज डॉलरांहून अधिक असलेले उत्पन्न २०२४ मध्ये सुमारे चार अब्जांवर आले. पाहा, इजिप्तच्या नशिबी पुन्हा दुसऱ्याची यादवीच! आणि मे २०२५ मध्ये जगातील सर्वांत बलाढ्य आरमार बाळगणाऱ्या अमेरिकेने ओमानच्या मध्यस्थीने त्याच हूथींशी हल्ले थांबविण्याचा समझोता केला. देशातील एक पक्ष, ज्याला जगाने सरकार म्हणून मान्यता दिली नाही, तो महासत्तेशी वाटाघाटीच्या पाटावर बसतो, ह्यालाच सत्तेचा समतोल बदलणे म्हणतात.

कोपरखैरण्याला त्याचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आता द्यावयाचे. येथून थोड्याच अंतरावर न्हावा-शेव्याचे बंदर आहे. १९८९ पासून ते चालू आहे, आणि नाशिकचे द्राक्ष युरोपला जाते ते बहुतांशी तेथूनच. द्राक्षाला थांबता येत नाही. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम, आणि २०२४ च्या हंगामात जहाजाला दहा-पंधरा दिवस अधिक लागले, भाडे आणि विमा दोन्ही चढले. वाढलेले भाडे जहाज कंपनीने भरले नाही, युरोपच्या दुकानदारानेही भरले नाही. ते बागायतदाराच्या भावातून वजा झाले. १८६५ मध्ये जो वजाबाकीच्या ओळीत होता, तोच २०२४ मध्येही होता.

आणि डाळ? वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत जो उडीद उतरतो, त्यातील आयात माल मोठ्या प्रमाणावर म्यानमारमधून येतो. तुरीचाही काही भाग तेथूनच. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडापासून तो देश यादवीत होरपळत आहे. हे पोते ज्याच्या पाठीवरून उतरते तो माथाडी कामगार कोपरखैरण्या-घणसोलीच्या घरांत राहतो. मालाची आवक घटली की त्याची मजुरी घटते आणि त्याच्याच स्वयंपाकघरात डाळ महाग होते. दोन्ही टोकांनी पेटलेली मेणबत्ती ती हीच!

मग करावयाचे काय?

काही मंडळी म्हणतील की, परक्याच्या यादवीत आपल्याला नफाही होतो. तो का सोडावा? आम्ही तो सोडा असे म्हणत नाही. १८६१ मध्ये कापूस विकण्यात पाप नव्हते. ती तेजी कायमची आहे असे समजून समुद्रात महाल बांधण्यात मूर्खपणा होता. नफा घ्यावा, पण त्याचे रूपांतर टिकाऊ सामर्थ्यात करावे. अमेरिकेने युद्धातून कारखाने आणि लोहमार्ग उभे केले. इजिप्तने कर्ज उभे केले. दोघांत जो फरक पडला तो एवढाच आहे.

पहिली गोष्ट जहाजांची. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्या साहसाच्या प्रमुखांपैकी एक होते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण आपल्या परदेशी व्यापाराचा फारच थोडा अंश आपल्या ध्वजाखालील जहाजांतून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे आम्ही स्वागत करतो. मात्र तिची परीक्षा घोषणेत नसून पाण्यावर उतरलेल्या जहाजांच्या मोजणीत होईल. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज पेटले, तेव्हा त्यावरील खलाशांत बावीस भारतीय होते आणि आग विझविण्यास आपली ‘विशाखापट्टणम’ युद्धनौका धावली. खलाशी आपले, रक्षक आपले, माल अनेकदा आपला. जहाज तेवढे परक्याचे आणि भाडे ठरविणाराही परका. ही स्थिती स्वतंत्र राष्ट्राला शोभणारी नाही.

दुसरी गोष्ट वजाबाकीच्या ओळीतील माणसाची. दूरच्या युद्धाने भाडे किंवा विमा ठरावीक मर्यादेपलीकडे चढला, तर नाशवंत मालाच्या उत्पादकाला त्याचा भार एकट्याने सोसावा लागू नये, अशी कायमची तरतूद राज्य व केंद्र सरकारांनी केली पाहिजे. दुष्काळ हे अस्मानी संकट मानून आपण मदत देतो. परक्याची यादवी हे सुलतानीहून वेगळे संकट नाही. फरक इतकाच की ह्यातील सुलतान दुसऱ्या देशात बसलेला असतो. सुप्याच्या वह्या जळाल्यानंतर चार वर्षांनी कायदा करण्याची परंपरा आता पुरे झाली.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि ती येथे खाडीकाठी बोलणे प्राप्त आहे. ह्या नगरीची भूमी म्हणजे आगरी-कोळ्यांची भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारीच्या जागा. १९७० मध्ये सिडको आली आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्क्यांच्या न्यायाची वाट खुली झाली. आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले वाढवणचे सुमारे ७६ हजार कोटींचे बंदर उभे राहात आहे आणि तेथील मच्छीमार विरोधात उभे आहेत. बंदर राष्ट्राला हवे, हे आम्हांस मान्य आहे. वर सांगितलेला सर्व इतिहास त्याचीच साक्ष देतो. परंतु जगाच्या व्यापाराचे वारे आपल्याकडे वळले म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला हिशेबाबाहेर ठेवून जी भर घातली जाते, ती भुसभुशीत असते. बॅक बेच्या कागदी भरावाने हे एकदा सिद्ध केले आहे. मच्छीमाराचा वाटा आधी ठरवा, मग समुद्रात दगड टाका.

आणि शेवटची गोष्ट आमच्या वाचकांची. दूरच्या देशातील प्रेतांची संख्या ही भावाच्या तक्त्यातील एक ओळ नव्हे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून पेटलेल्या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसे घराबाहेर काढली. त्या बातमीशी आपले नाते पोटाचे आहे म्हणून ती वाचावी, हे आम्ही सांगितलेच. पण ते तेवढेच असू नये. लीच्या शरणागतीने रडणारा बाजार आणि गुलामांच्या मुक्तीने हर्षणारे जोतीराव, हे दोघेही ह्याच महाराष्ट्राचे. कोणत्या परंपरेचे वारस व्हावयाचे, हे आपण निवडावयाचे आहे.

खाडीच्या पाण्याला भरती-ओहोटी स्वतःची नसते. ती दूरच्या समुद्राकडून येते. काठावर राहणाऱ्याने पाण्याला दोष देऊन भागत नाही. त्याने बांध मजबूत ठेवावा, होडी आपली ठेवावी आणि पलीकडे बुडणाऱ्याची हाक ऐकण्यासाठी कान उघडे ठेवावे. हे न करणाऱ्याच्या हातचे गांडीव ऐन वेळी जड होते, हे व्यासांनी सांगितलेच आहे!